नाशवंताचे ऋण

वसुबारसेला दिवाळी उंबरठ्यावर येते. त्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा होते, आणि जुनी रीत पाळणाऱ्या घरांतून बायका त्या दिवशी दुधातुपाचे काही तोंडात घालीत नाहीत. शहरात आता गोठा उरलेला नाही. पाटावर तांदळाची गाय काढून किंवा मातीच्या गाय-वासरावर हळदकुंकू वाहून पूजा उरकावी लागते. तरीही रीतीतला अर्थ शाबूत आहे. वर्षातून एक दिवस तरी असा असावा की ज्या दिवशी दुधावरचा वासराचा हक्क माणसाने मुकाट्याने मान्य करावा.

या सणाच्या तोंडावर मला एका निराळ्याच गाईविषयी लिहायचे आहे. तिला शिंगे नाहीत, शेपूट नाही, ती हंबरत नाही. मोठ्या इस्पितळाच्या आतल्या एका खोलीत, शिशाच्या जाड भांड्यात ती बसून असते. रोज सकाळी तिची धार काढतात. आठवडा-दीड आठवड्यात ती आटते आणि तिच्या जागी दुसरी आणावी लागते. 'गाय' हे नाव मी माझ्या कल्पनेने दिलेले नाही. पाश्चात्त्य देशांतले डॉक्टर आणि तंत्रज्ञ पहिल्यापासून या उपकरणाला गमतीने गायच म्हणत आले आहेत, आणि त्यातून द्रव काढून घेण्याला दूध काढणे. त्या दुधाचे शास्त्रीय नाव टेक्नेशियम-९९एम. सहा तासांत त्यातले निम्मे नाहीसे होते. आणखी सहा तासांनी उरलेल्यातले निम्मे. उद्या याच वेळेपर्यंत सोळा आण्यांतला एक आणा उरतो. शुक्रवारी दुपारी काढून ठेवलेले दूध सोमवारी दुपारी पाहावे, तर चार हजार भागांतला एकही भाग धड हाती लागत नाही.

हा पदार्थ मुळात पृथ्वीवर जवळजवळ नाहीच. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलेव्ह याने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला तेव्हा काही घरे रिकामी ठेवली. अजून न सापडलेल्या द्रव्यांना नावे देताना त्याने आपल्या संस्कृतातले 'एक', 'द्वि', 'त्रि' हे शब्द उसने घेतले. मँगनीजच्या खालच्या रिकाम्या घराला त्याने 'एक-मँगनीज' म्हटले. ते त्रेचाळीस क्रमांकाचे घर पुढे कित्येक वर्षे रिकामेच राहिले. पुष्कळांनी ते सापडल्याची दवंडी पिटली आणि ती खोटी ठरली. अखेर १९३७ साली सिसिलीतल्या पालेर्मो शहरी एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना ते सापडले. तेही कोणत्या खाणीत नव्हे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील सायक्लोट्रॉन यंत्रातून निघालेला मॉलिब्डेनमचा एक पत्रा अर्नेस्ट लॉरेन्सने त्यांना पाठवला होता, त्या पत्र्यात. माणसाच्या हातून घडलेले हे पहिले मूलद्रव्य. म्हणून ग्रीक भाषेतल्या 'कृत्रिम' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव टेक्नेशियम ठेवले. याचा एकही प्रकार कायम टिकत नाही. त्यातला सर्वांत चिवट प्रकारसुद्धा चाळीस-बेचाळीस लाख वर्षांत अर्धा होतो, आणि पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांचे. सृष्टीच्या आरंभी जे असेल ते केव्हाच विरून गेले.

सहा तासांचा जो प्रकार, तो सेग्रे आणि ग्लेन सीबोर्ग यांनी १९३८ साली बर्कलीत शोधला. सेग्रे त्या उन्हाळ्यात अमेरिकेत होता, आणि तेवढ्यात मुसोलिनीने ज्यूंविरुद्धचे कायदे केले. सेग्रे ज्यू. पालेर्मोतली त्याची जागा गेली आणि तो परतलाच नाही. पुढे हाच माणूस लॉस अलामॉस येथे अणुबाँबच्या कामात होता. ज्याच्या हाताने रोग्याची वाट उजळणारा दिवा पेटला, त्याच्याच हाताने त्या दुसऱ्या अग्नीलाही समिधा घातल्या. त्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. या द्रव्याच्या जन्मकुंडलीतच शांती आणि संहार एका घरात बसले आहेत, एवढेच ध्यानात असावे.

या द्रव्याचे माणसाला काय काम पडले, याची गोष्ट थोडी मजेची आहे. जॉर्ज दे हेवेशी हा हंगेरीतला शास्त्रज्ञ तरुणपणी, १९११ च्या सुमारास, मँचेस्टरला खानावळीत राहत होता. घरमालकीण रविवारी उरलेले मांस आठवडाभर रूप बदलून पानात वाढते, असा त्याचा संशय. बाई ते साफ नाकबूल करीत. तेव्हा त्याने एके दिवशी उरलेल्या अन्नात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टाकले आणि काही दिवसांनी पानात आलेल्या पदार्थाजवळ उपकरण धरले. संशय खरा ठरला. ही हकीकत तो स्वतःच सांगत असे. आपल्याकडच्या खानावळीत वाढलेल्या कोणाही माणसाला तिची गोडी समजावून सांगण्याचे कारण नाही. पण या थट्टेच्या पोटात मोठी कल्पना होती. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्या कानात घुंगरू बांधावे, आणि ते कोठे कोठे जाते ते लांबूनच ऐकावे. या कल्पनेच्या वाढीबद्दल हेवेशीला १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेक्नेशियम हे तसलेच घुंगरू. ते शरीराच्या ज्या भागाकडे पाठवायचे असेल, त्या भागाला आवडणाऱ्या औषधाशी त्याची गाठ मारतात. एक औषध हाडांकडे जाते, एक हृदयाच्या स्नायूंत शिरते, एक मूत्रपिंडातून वाहते. शिरेत टोचलेल्या या द्रव्याचे वजन किती? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करावेत आणि त्यांतले चार-पाच घ्यावेत, इतकेच. त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात, आणि हॅल अँगर याने १९५७ च्या सुमारास बर्कलीत तयार केलेल्या कॅमेऱ्याच्या जातीचे यंत्र ते टिपते. क्ष-किरणांचे चित्र घराचा आराखडा दाखवते. भिंत कोठे आहे, तुळई कोठे मोडली आहे. हे दुसरे चित्र घरात चूल पेटली आहे की नाही ते दाखवते. हृदयाचा एखादा भाग आकाराने धडधाकट असून उपाशी आहे काय, छातीतला कर्करोग हाडांपर्यंत पोचला आहे काय, अशा प्रश्नांवर माणसाचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून असते. या द्रव्याच्या तपासण्या जगात दरवर्षी तीन-चार कोटींच्या घरात होतात. अणुवैद्यकातल्या दर पाच चित्रांपैकी सुमारे चार यानेच निघतात.

इथे कोणी विचारील, मग असले उपयोगी द्रव्य थोडे अधिक टिकाऊ का निवडू नये? उत्तर असे, की त्याचे लवकर मरणे हाच त्याचा गुण आहे. तासाभरात विरेल तर औषध तयार करून रोग्याला टोचून चित्र काढायला सवड मिळणार नाही. महिनाभर टिकेल तर चित्र निघून गेल्यावरही ते रोग्याच्या शरीरात तळ देऊन बसेल. सहा तास म्हणजे आपले काम करावे, पानावरून उठावे आणि यजमानाला भार होण्यापूर्वी निघून जावे. असा पाहुणा कोणाला नको?

पण मग गाय हवी. सहा तासांचे दूध लांबून आणता येत नाही. म्हणून त्याची आई आणतात, ती मॉलिब्डेनम-९९. तिचे अर्धायुष्य ६६ तासांचे. अणुभट्टीत युरेनियम फोडून ती मिळवतात. भांड्यातल्या नळीत ती घट्ट चिकटून बसते. तिच्यातून टेक्नेशियम सतत जन्मत राहते, आणि मिठाचे पाणी सोडले की तेवढेच धुऊन खाली येते. एकदा धार काढली की पुन्हा कास भरायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणून रोजची सकाळ. ही युक्ती अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५७-५८ साली वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी साधली. तिचे पेटंट घ्यावे काय असा विचार झाला, तेव्हा वरिष्ठ कचेरीने ते नको म्हटले. प्रयोगशाळेतल्या किरकोळ प्रयोगांपलीकडे याला गिऱ्हाईक कोण, असे तिला वाटले. पुढे पॉवेल रिचर्ड्स या तिथल्याच शास्त्रज्ञाने या द्रव्याचा पिच्छा पुरवला, आणि शिकागोच्या पॉल हार्पर व कॅथरिन लेथ्रॉप यांनी १९६१ पासून ते रोग्यांच्या कामी आणले.

येथपर्यंत विज्ञान झाले. मला खरा बोलायचा आहे तो प्रश्न यानंतर सुरू होतो.

आमच्या वर्गात 'नाशवंत' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा म्हटले की पंधरा-वीस मुले एकच वाक्य लिहितात: 'देह नाशवंत आहे.' पोरांचा दोष नाही. कीर्तनातून, प्रवचनातून, आजीच्या तोंडून त्यांनी हा शब्द तसाच ऐकलेला असतो. आपल्या विचाराची घडणच अशी आहे, की जे टिकते ते खरे आणि जे नासते ते खोटे. नाशवंताच्या मागे लागू नये, अविनाशी असेल ते धरावे. आत्म्याच्या बाबतीत हे खरे असेल. त्या अधिकाराने बोलण्याची माझी योग्यता नाही. पण व्यवहारात उतरताना या शिकवणुकीचा एक विपरीत अर्थ आपण काढला. देऊळ बांधणे हे पुण्य, कारण ते शंभर वर्षे टिकते. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणे हे नुसते काम, कारण सकाळी त्याचे काहीच शिल्लक राहत नाही. देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरतात. रोज पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईचे नाव कोणत्या दगडावर असते?

आणि तरीही माणूस जगतो तो बहुतेक नाशवंतावरच. सकाळचे दूध, दुपारची भाकरी, तापलेल्या कपाळावरची ओली पट्टी, वेळेवर दिलेला धीराचा शब्द. यांतले एकही साठवून ठेवता येत नाही. काल आईने जेवू घातले म्हणून आजची भूक भागत नाही. सहा तासांचे हे द्रव्य याच जातीचे. फरक एवढाच, की इथे नाशाचा हिशेब निसर्गाने काटेकोर लिहून ठेवला आहे. गाय भट्टीवरून निघाली की वाटेत दर तासाला तिच्या शंभर भागांतला एक भाग गळत जातो. विमान चुकले, रस्ता अडला, जकातीच्या खोलीत कागदावर सही व्हायची राहिली, तर तेवढे दूध आटले. कोणालाही ते परत आणता येत नाही. ते फळीवर ठेवून भाव चढण्याची वाट पाहता येत नाही. साठेबाजाला या मालात थारा नाही, हे ऐकून बरे वाटते. परंतु ज्याचा साठा होत नाही, त्याचा पुरवठा एक आठवडाही थांबून चालत नाही. कोणीतरी, कोठेतरी, ते सारखे करीत राहिले पाहिजे. नाशवंत वस्तू आपल्याला हे ऋण लावून जाते.

हे ऋण फेडताना माणसे कशी पेचात सापडतात, याचा एक दाखला कॅनडात घडला. तो नीट पाहण्यासारखा आहे.

ओटावा नदीच्या काठी चॉक रिव्हर म्हणून ठिकाण आहे. तेथे १९५७ सालापासून चालत आलेली एनआरयू नावाची अणुभट्टी जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनमचा फार मोठा वाटा पुरवीत होती. नोव्हेंबर २००७ मध्ये ती नेहमीच्या देखभालीसाठी बंद केली, तेव्हा आढळून आले, की तिला थंड ठेवणाऱ्या दोन पंपांना आणीबाणीची वीज जोडण्याची परवान्यातली अट पुरी झालेलीच नाही. अट पुरी होईपर्यंत भट्टी पेटवता येत नव्हती. आठवडे जाऊ लागले. गाई आटल्या. कॅनडात आणि कॅनडाबाहेर रोग्यांच्या तपासण्या पुढे ढकलल्या जाऊ लागल्या. शेवटी डिसेंबरमध्ये तिथल्या पार्लमेंटने तातडीने कायदा करून ती अट १२० दिवसांपुरती बाजूला ठेवली आणि भट्टी पुन्हा सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ मध्ये, अणुसुरक्षा आयोगाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना सरकारने त्या पदावरून दूर केले.

यात कोण बरोबर होते? एका बाजूने पाहावे तर रोगी खरे होते, आजचे होते, त्यांना नावे आणि चेहरे होते. भूकंप व्हावा, वीज जावी आणि त्याच क्षणी पंप बंद पडावेत, हा धोका लांबचा होता. दारात तहानलेला उभा असताना विहिरीच्या कठड्याच्या दुरुस्तीची गोष्ट सांगणाऱ्याला आपण निर्दय म्हणू. दुसऱ्या बाजूने पाहावे तर अट ही अटच होती. सुरक्षेचा पहारेकरी प्रत्येक निकडीच्या वेळी बाजूला होऊ लागला, तर तो पहारेकरी राहत नाही. निकड नसताना नियम पाळणे कोणालाही जमते. शिवाय भट्टीच्या आसपास राहणाऱ्या लोकांनाही नावे आणि चेहरे होतेच. ते कोणत्या यादीत आले नव्हते एवढेच. दुःख अंगावर आलेला माणूस आपल्याला दिसतो. ज्याच्यावर ते येऊ शकेल तो दिसत नाही. आपली करुणा डोळ्यांच्या हुकमतीत चालते.

मला स्वतःला असे वाटते, की त्या डिसेंबरात भट्टी पेटवण्याचा निर्णय समर्थनीय होता. धोका मोजला, मुदत घातली आणि लोकांच्या प्रतिनिधींनी उघडपणे जबाबदारी घेतली. पण त्यानंतर जे झाले ते मला पटत नाही. वासरू भुकेले आहे म्हणून गोठ्याचे दार उघडावे, हे ठीक. गोठ्याची तुळई कुजली आहे असे सांगणाऱ्या माणसाला घराबाहेर काढावे, हे कोणत्या धर्मात बसते? धोका पत्करायचा तर धोका दाखवणारा अधिकच जवळ हवा. जो समाज पहारेकऱ्याला गैरसोयीबद्दल शिक्षा करतो, त्याच्या पुढच्या पहारेकऱ्याला वेळेवर डुलकी लागते.

दीड वर्षाच्या आत, मे २००९ मध्ये, त्याच भट्टीचे पात्र गंजून जड पाणी गळू लागले. हे दुखणे पंपांचे नव्हते, वेगळेच होते. म्हणून कीन यांचे भाकीत खरे ठरले असे म्हणणे रास्त होणार नाही. पण भट्टी म्हातारी झाली होती हे तर दिसलेच. पंधरा महिने, ऑगस्ट २०१० पर्यंत, ती बंद राहिली. त्यातच हॉलंडमधल्या पेटन येथील तशीच जुनी भट्टीही २०१० च्या फेब्रुवारीपासून काही महिने दुरुस्तीला काढावी लागली. जगभर टंचाई झाली. डॉक्टरांनी जुन्या थॅलियमकडे मोर्चा वळवला, सुटीच्या दिवशी दवाखाने उघडे ठेवून मिळेल तेवढ्या दुधाचा थेंब न् थेंब वापरला, आणि ज्याला अगदी निकड त्याला आधी असे क्रम लावले. वसुबारसेचा प्रश्न तिथे खराखुरा उभा राहिला. दूध थोडे आहे. पहिले कोणाचे?

पण मला विचार करायला लावते ती याच्याही आधीची गोष्ट. म्हाताऱ्या भट्टीची जागा घेण्यासाठी चॉक रिव्हर येथेच खास याच कामाच्या दोन नव्या भट्ट्या बांधल्या होत्या. त्यांच्या रचनेतला दोष वर्षानुवर्षे निघेना, आणि मे २००८ मध्ये तो प्रकल्पच सोडून दिला. म्हणजे जगातले कोट्यवधी रोगी मूठभर जुन्या भट्ट्यांच्या भरवशावर आहेत, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. आपण धर्मसंकट म्हणतो ते पुष्कळदा आकाशातून कोसळत नाही. ते आदल्या दिवशीच्या चालढकलीतून उगवते. डॉक्टरपुढे दोन रोगी आणि एक मात्रा अशी वेळ येते, तेव्हा नीतिशास्त्राचे पंडित त्याला विचारतात, तू कोणाला निवडशील? मला वाटते, एक प्रश्न त्याच्या कितीतरी आधी विचारायला हवा होता. मात्रा एकच उरली, ती कोणाच्या दिरंगाईने? एनआरयू भट्टी पुढे मार्च २०१८ मध्ये कायमची विझली, आणि तिचा भार इतर देशांतल्या भट्ट्यांनी उचलला. तोपर्यंत तिने साठ वर्षे सेवा केली, हेही कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

दूरच्या कॅनडाची ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. चॉक रिव्हरच्याच एका भट्टीच्या धर्तीवर कॅनडाच्या मदतीने आपल्या मुंबईजवळ, तुर्भ्याला, सायरस नावाची अणुभट्टी उभी राहिली आणि १९६० साली चालू झाली. तिच्यात औषधोपचाराची समस्थानिके तयार झाली. परळला १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले आणि या विद्येचा संसार आपल्याकडे मांडला गेला. आणि १९७४ साली पोखरणला जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियमही सायरसमधलेच. त्यावरून कॅनडाने आपल्याशी अणुसहकार्य तोडले. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. एकाच चुलीवर रोग्याची पेज शिजत होती आणि तोफेची दारूही वाळत होती. यात कॅनडाने वर मान करावी असेही नाही. जगाला लागणाऱ्या या औषधी द्रव्यासाठी कितीतरी वर्षे अतिसमृद्ध युरेनियम, म्हणजे बाँबच्या प्रतीचे, वापरले जात होते. मोठ्या उत्पादकांनी कमी समृद्ध युरेनियमकडे वळण्याचे काम या काही वर्षांत कोठे पुरे केले.

अशा वेळी आपण एक वाक्य सहज फेकतो: विज्ञान निर्दोष आहे, वापरणारा चांगला-वाईट. वाक्य खोटे नाही, पण ते फार सोयीचे आहे. ते म्हणून झाले की आपण झोपायला मोकळे. जुन्या घरांतली बाई असे वाक्य म्हणत नसे. विस्तवाने दिवाही लागतो आणि घरही जळते, हे तिला ठाऊक होते. म्हणून ती रात्री निखाऱ्यावर राख ओढी, सरपण लांब सारी, पोरांना चुलीपासून दूर निजवी, आणि सकाळी राख फुंकून तोच निखारा पुन्हा जागा करी. विस्तव निर्दोष आहे की सदोष, याचा निकाल तिने कधी लावला नाही. तिने त्याच्यावर रोज नजर ठेवली. ही राखणसुद्धा नाशवंतच. कालची राखण आज उपयोगी पडत नाही.

शेवटची एक गोष्ट राहिली. सहा तासांचे टेक्नेशियम नाहीसे होते म्हणजे नेमके काय होते? ते आपल्यातली जास्तीची ऊर्जा किरणरूपाने टाकते आणि शांत होऊन साधे टेक्नेशियम-९९ बनते. या शांत झालेल्याचे अर्धायुष्य किती? दोन लाख अकरा हजार वर्षे! रोग्याने घाबरण्याचे कारण नाही. त्याच्या शरीरात उरणारा अंश इतका अल्प असतो, की आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्ये निसर्गाने घातलेला किरणोत्सर्ग त्याहून हजारपटींनी जास्त आहे. आणि तो अंशही पुष्कळसा शरीराबाहेर जातो. खरा शेष राहतो तो भट्टीपाशी. युरेनियमच्या शंभर फुटींमागे सुमारे सहांतून मॉलिब्डेनम-९९ मिळते. बाकी पसारा जपून, पुरून, पहारा ठेवून सांभाळायचा. त्यातला काही भाग आपल्या पणतवंडांच्या पणतवंडांनाही सांभाळावा लागेल. आपण दूध प्यायलो. शेणगोठा पुढच्या पिढ्यांकडे गेला.

तेव्हा नाशवंताचे ऋण दुहेरी आहे. जे विरून जाते ते रोज नव्याने करीत राहायचे, आणि त्याच्या पाठीमागे जे विरत नाही त्याची आठवण ठेवायची. पहिल्यात हयगय झाली तर आजचा रोगी दारात ताटकळतो. दुसऱ्यात झाली तर ज्याला आपण कधी पाहणार नाही तो माणूस आपल्या नावाने बोटे मोडतो. या दोघांत एकाला निवडण्याची पाळी कधीकधी येईल. ती वारंवार येऊ नये म्हणून निवांत दिवसांत काय केले, यावरून समाजाची नीती ओळखावी.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी नवी वही पुजतो, पहिल्या पानावर 'श्री' लिहितो आणि जुन्या वहीची शिल्लक नव्या वहीत ओढतो. सहा तासांच्या या दुधाची अशी शिल्लक ओढता येत नाही. ज्या बाईचे हाडांचे चित्र सकाळी निघाले, तिच्या हाती कागद येईपर्यंत ते द्रव्य बहुतेक विरलेले असते. रोग हाडांत शिरलेला नाही, शस्त्रक्रिया करता येईल, एवढे तिला त्या कागदावरून कळते. ती घरी जाते. आणि त्याच रात्री कोठल्याशा भट्टीवर, सण असो वा नसो, पाळीवरची माणसे जागी असतात, कारण पुढच्या आठवड्याची गाय अजून निघायची असते.